भावंडांना गुणसूत्रांची तपासणी करायला सांगावी का?

रानजाई

बरेच महिने इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझी लेक सव्वा वर्षाची आहे. तिला डाउन सिंड्रोम आहे. ती मजेत आहे, गेल्या आठवड्यापासून पलंगाची कड धरून उभी राहायला लागली आहे. तिच्या काळजीपोटी हा धागा नाही.

प्रश्न निघाला तिच्या रिपोर्टमधून. जन्मानंतर कॅरिओटाइप (रक्तातल्या पेशींमधली गुणसूत्रं मोजायची तपासणी) करायला दिला तेव्हा सांगितलं होतं की २१ नंबरच्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती दिसतील, म्हणजे एकूण ४७. रिपोर्टवर आकडा होता ४६. तो वाचून मला वाटलं, निदानच चुकलं. पाच मिनिटं मी त्याच आनंदात होते. मग डॉक्टरांनी गुणसूत्रांचा फोटो पुढ्यात ठेवला. २१ च्या जागी नेहमीची दोन होती. १४ च्या जोडीतलं एक मात्र जोडीदारापेक्षा उंच दिसत होतं, कारण त्याच्या डोक्यावर आणखी एक २१ चिकटलेलं होतं. तिसरी प्रत होतीच, फक्त १४ च्या खांद्यावर बसून आली होती. याला रॉबर्टसोनियन ट्रान्सलोकेशन म्हणतात.

मग आम्हा दोघांचं रक्त तपासलं. नवऱ्याचं ४६, नॉर्मल. माझं ४५. एक १४, एक २१ आणि तिसरं ते जोडलेलं. गुणसूत्रांवरचा सगळा मजकूर पुरेपूर आहे, म्हणून मला कधीच काही झालं नाही. छत्तीस वर्षं मी ४५ गुणसूत्रांवर जगले आणि मला पत्ताच नव्हता.

समुपदेशकांनी एक पत्र दिलंय, नातेवाइकांना दाखवण्यासाठी. हे मला आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं असू शकतं, तसं असेल तर माझ्या प्रत्येक भावंडाकडेही असण्याची शक्यता निम्मी, असं त्यात आहे. वडील नाहीत. आई ६८ वर्षांची आहे. धाकट्या भावाला दोन मुलगे आहेत, दोघंही ठणठणीत. सगळ्यात धाकटी बहीण. तिचं दोन वर्षांपासून मूल व्हावं म्हणून चाललंय, गेल्या वर्षी दिवस राहिले आणि नवव्या आठवड्यात गेलं.

ते पत्र चार महिने माझ्या कपाटात आहे. आई म्हणते, कोणाला काही सांगू नकोस, उगाच प्रत्येकाच्या डोक्याला घोर. नवरा म्हणतो, सांग. आणि मला रोज वाटतं की आज सांगावं, आणि रोज रात्र होते.

माझा मोठा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याचीही तपासणी आत्ता करून टाकावी का?

पाऊलवाट

चार महिने गेले म्हणून स्वतःला खाऊ नका. यातले बरेच महिने तुम्ही तान्ह्या बाळाला सांभाळत होतात. वाचतेय.

काचपट्टी

मी गुणसूत्रांच्या प्रयोगशाळेत काम करतो. डॉक्टर नाही, तेव्हा उपचारांबद्दल बोलणार नाही, पण तपासणी रोज करतो म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे, रानजाई, तुमचं ४५ हे अगदी दुर्मीळ नाही. दर हजारात साधारण एका माणसाकडे असं कुठलं तरी रॉबर्टसोनियन जोड असतं. १३, १४, १५, २१ आणि २२ या पाच गुणसूत्रांचा वरचा भाग अगदी आखूड असतो आणि तिथे जे जनुक असतात त्यांच्या प्रती इतरत्रही भरपूर असतात. दोन गुणसूत्रं वरच्या टोकाला चिकटताना तो आखूड भाग गळून गेला तरी शरीराचं काही अडत नाही. अडतं ते बीज तयार होताना. १४, २१ आणि जोडलेलं, अशा तिघांची दोन वाट्यांत विभागणी करायची असते. ती सहा प्रकारे होऊ शकते. एका प्रकारात अगदी नॉर्मल, एकात तुमच्यासारखं वाहक, म्हणजे जोड आहे पण मजकूर पुरा, एकात तुमच्या लेकीसारखं, आणि उरलेल्या तीन प्रकारांतला गर्भ टिकत नाही. बहिणीचा नवव्या आठवड्यातला गर्भपात त्यामुळेच झाला असं म्हणता येणार नाही, गर्भपात फार जणींचे होतात आणि कारणं पुष्कळ असतात. पण शक्यतेत ते बसतं.

दुसरं, नातेवाइकांसाठी तपासणी कोणती, हे नीट लिहून घ्या. कॅरिओटाइप. मायक्रोॲरे नव्हे. मायक्रोॲरे महाग, नवी आणि बारीक बघणारी, म्हणून लोकांना ती जास्त चांगली वाटते. ती मजकूर कमी आहे की जास्त एवढंच मोजते. तुमच्यात काहीच कमी-जास्त नाही, फक्त जागा बदलली आहे. तुमचं स्वतःचं रक्त मायक्रोॲरेला दिलं असतं तर रिपोर्ट नॉर्मल आला असता. कॅरिओटाइपमध्ये आम्ही जिवंत पेशी तीनेक दिवस वाढवतो, विभागणीच्या ऐन मध्यावर थांबवतो, रंगवतो आणि डोळ्यांनी मोजतो. म्हणून वेळ लागतो, साधारण दोन-तीन आठवडे धरा. रक्त घेताना बघा, बहुतेक ठिकाणी हिरव्या बुचाची नळी असते, कारण त्यातल्या हेपरिनमध्ये पेशी जगतात. जांभळ्या बुचाची पुढे आली तर एकदा विचारा, तपासणी नक्की कोणती लिहिली आहे.

तिसरं तुमच्या आईंबद्दल. एरवी आम्ही म्हणतो, आधी आई-वडील तपासा, दोघंही नॉर्मल निघाले तर भावंडांना त्रास द्यायची गरज जवळजवळ उरत नाही. तुमच्याकडे वडील नाहीत. आईंचं नॉर्मल आलं तरी वडिलांकडून आलं असेल ही शक्यता उभीच राहते. आईंच्यात सापडलं तरी भावंडांना आपापलं रक्त द्यावंच लागणार. म्हणजे आईंच्या तपासणीवर भावंडांचं काहीच अडून नाही. त्यांच्यामागे लागू नका.

रानजाई

काचपट्टी, शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला. मी चार महिने धरून बसले होते की आधी आईला तयार करायचं, मग बाकीच्यांचं बघू. सुरुवात तिच्यापासून करायची नाहीच, हे कुणी म्हणालंच नव्हतं. मनापासून आभार.

धुकं

मी दुसऱ्या बाजूने लिहिते आहे.

माझं तीन वेळा पडलं. तिसऱ्या वेळेनंतर आम्हा दोघांचे कॅरिओटाइप झाले आणि माझ्यात ट्रान्सलोकेशन निघालं, तुमच्यासारखं नाही, दोन गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदललेले. घरी सांगितलं तेव्हा माझी चुलतबहीण गप्प झाली. तिला सहा वर्षांपासून माहीत होतं. तिच्यात तेच होतं. तिच्याकडेही असंच पत्र होतं.

मी विचारलं, का नाही बोललीस? ती म्हणाली, तुझं नुकतंच लग्न झालं होतं, तुला वाईट वाटलं असतं.

वाईट वाटलंच असतं. पण पहिल्या खेपेनंतर मी महिनाभर आठवत बसले होते की कुठली पिशवी उचलली, कुठल्या दिवशी दमले. दुसऱ्यानंतर नोकरी सोडली. तिसऱ्यानंतर सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यांचं न बोलणंच मला लागलं. हे सगळं एका पानाच्या पत्राने वाचलं असतं. गर्भ वाचले नसते कदाचित, पण मी वाचले असते.

आम्ही आता बोलतो, ती वाईट नाही. पण मला त्या गुणसूत्राचा राग कधी आला नाही, त्या सहा वर्षांचा अजून येतो.

रानजाई, बहिणीला सांगा. या आठवड्यात सांगा.

तळटीप

धुकं, तुमचं वाचून गलबललं.

उंबर

मला सांगितलं गेलं होतं आणि मी तपासणी करून घेतली नाही. हेही कुणीतरी लिहायला हवं.

थोरल्या भावाच्या नातवात सापडलं. माझं वय तेव्हा ४९, मुलं व्हायचा प्रश्न संपलेला. भावाने पत्र पाठवलं ते योग्यच केलं. नंतर मात्र दर आठवड्याला फोन, केलीस का, कधी करतेस, अगं एक सुई तर टोचायची. वहिनीने परस्पर वेळसुद्धा घेऊन ठेवली. मी गेले नाही. कारण कुणाला पटो न पटो, मला ते माहीत करून घ्यायचं नव्हतं.

मी एकच केलं. माझी मुलगी तेव्हा तेवीस वर्षांची होती, तिच्या हातात ते पत्र दिलं आणि म्हटलं, हे आपल्या घरात आहे, माझ्यात आहे का ते मला माहीत नाही, तुला बघायचं तर तू बघ. तिने बघितलं. तिच्यात नव्हतं.

सांगायचं एकदा, नीट, कागदासकट. त्यानंतरचं ज्याच्या त्याच्यावर सोडायचं. सांगितल्यावर पाठपुरावा करत राहिलं की ते सांगणं राहत नाही, तगादा होतो.

सायली_निळी

आमचा उलटा अनुभव. मुलाला डाउन सिंड्रोम, रिपोर्टवर ४७, म्हणजे तिसरं २१ सुटं, कुठेही न जोडलेलं. घाबरून आम्ही दीर, नणंद, माझी बहीण, सगळ्यांना रक्त द्यायला लावलं. नणंदेला तेव्हा पाचवा महिना होता, रिपोर्ट येईपर्यंतचे अठरा दिवस तिने रडून काढले. सगळे नॉर्मल.

नंतर दुसऱ्या समुपदेशकांनी सांगितलं की याची गरजच नव्हती. डाउन सिंड्रोमच्या शंभरातल्या साधारण ९५ मुलांमध्ये असंच सुटं तिसरं २१ असतं, ते बीज तयार होताना घडलेलं असतं, घराण्यातून येत नाही. जोडलेला प्रकार तीन-चार टक्क्यांत, आणि त्यातलाही बराचसा त्या मुलातच नव्याने झालेला असतो. आम्हा दोघांना पुढच्या खेपेला साधारण एक टक्का, किंवा माझ्या वयानुसार जी जास्त असेल ती शक्यता. नणंदेचा काही संबंधच नव्हता.

म्हणून जे कोणी हा धागा नंतर वाचतील त्यांना सांगते, आधी मुलाचा कॅरिओटाइप हातात घ्या आणि जोड आहे का ते विचारा. तोवर नातेवाइकांना फोन करू नका.

काचपट्टी

सायली_निळी, अगदी बरोबर. आणि जोड असेल तर कोणत्या दोघांचा, तेही विचारायचं. २१ ला २१ च जोडलेलं असेल तर त्या वाहकाच्या टिकणाऱ्या प्रत्येक गर्भात डाउन सिंड्रोम असतो. १३ आणि १४ चं जोड असेल तर २१ चा प्रश्नच येत नाही.

मध्यान्ह

सगळ्यांचं वाचलं. तरी एक शंका. १४ आणि २१ च्या जोडात वाहक बाईला डाउन सिंड्रोमचं मूल होण्याची शक्यता १० ते १५ टक्के, वाहक पुरुषाला फार तर एक-दोन टक्के, असं आम्हाला सांगितलं होतं. म्हणजे ८५ वेळा सगळं ठीक. भावाच्या बाबतीत तर ९८ वेळा. एवढ्यासाठी अख्खं घर ढवळून काढायचं? निदान भावाला तरी कशाला, त्याची मुलं झालीसुद्धा.

धुकं

मध्यान्ह, त्या आकड्यांत फक्त जन्माला आलेली मुलं आहेत. टिकले नाहीत ते गर्भ त्यात नाहीत.

आणि भावाचं म्हणाल तर तो वाहक असेल तर त्याच्या मुलग्यांतही निम्मी शक्यता आहे, त्यांच्या मुलींत पुढे येऊ शकतं. आज त्याला काही करायचं नाही, पण कागद त्याच्या घरात असायला हवा.

मध्यान्ह

हा विचार केला नव्हता. मान्य.

रानजाई

एक गोष्ट वर लिहिली नव्हती. लिहू की नको करत होते.

मी गप्प राहिले ते आईसाठी, असं मी सगळ्यांना सांगते. खरं कारण ते नाही. बहिणीला हे सांगायचं म्हणजे तिला म्हणायचं की तुला माझ्या लेकीसारखं मूल होऊ शकतं, सावध राहा. माझी लेक मांडीवर असताना हे तोंडातून कसं काढू? ती दोन वर्षं मावशीच्या अंगाखांद्यावर असते. बहिणीने तपासणी केली, पुढे गर्भजल तपासलं आणि मग नको असं ठरवलं, तर मी तिच्याकडे कशी बघेन? माझी मुलगी ही टाळायची गोष्ट होती असं होत नाही का?

(सव्वा वर्ष म्हणायचं होतं, दोन नव्हे. घाईत लिहिते आहे.)

उंबर

रानजाई, हे लिहिलंत ते फार बरं झालं. बहिणीलाही अगदी याच शब्दांत सांगा. आधी हे, मग पत्र.

सायली_निळी

माझा मुलगा आता अकरा वर्षांचा आहे आणि हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. पण एक सांगते. गरोदरपणात कळणं म्हणजे नको म्हणणं, एवढाच त्याचा अर्थ नसतो. डाउन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. माझ्या मुलाचा आम्हाला चौथ्या दिवशी कळला, तो निळा पडला तेव्हा. त्या रात्री आम्ही त्याला घेऊन एका दवाखान्यातून दुसऱ्यात धावत होतो. आधी माहीत असतं तर तो जिथे लहान बाळांच्या हृदयाचे डॉक्टर आहेत तिथेच जन्मला असता. मला कळून घ्यायचं होतं ते त्याच्यासाठीच.

तुमची बहीण काय ठरवेल ते तिचं. तुम्ही सांगितलं नाहीत तर मात्र तिच्या वतीने तुम्ही ठरवलंत असं होईल, आणि तेही तुमच्या लेकीच्या नावाने.

पाऊलवाट

सायली_निळीला हजारदा अनुमोदन.

मुलाच्या तपासणीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्या मुलीत २२ नंबरच्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळलेला आहे, २२क्यू११ म्हणतात. यात बहुतेकदा मुलातच नव्याने झालेलं असतं, साधारण दहातल्या एका घरात आई किंवा वडिलांकडून आलेलं असतं आणि त्यांना स्वतःला ठाऊकही नसतं. आमच्यात ते नवऱ्याकडून आलं. मग धाकट्या मुलाची तपासणी लगेच केली, तो चार वर्षांचा असताना, कारण असलं तर हृदय, कॅल्शियम, प्रतिकारशक्ती, बोलणं, सगळं तेव्हाच बघावं लागतं. त्याच्यात होतं आणि कॅल्शियम खरोखरच कमी निघालं.

तुमच्या मुलाचं तसं नाही. तो वाहक असला तरी त्याच्या तब्येतीत आज, उद्या, दहा वर्षांनी काही फरक पडणार नाही. कळून उपयोग होईल तो त्याला स्वतःला मूल हवं असेल तेव्हा. आम्हाला समुपदेशकांनी हाच नियम सांगितला होता: उत्तरावरून आज उपचारात काही बदलणार असेल तर लहानपणी तपासा, नाहीतर मुलाला मोठं होऊन स्वतः ठरवू द्या. नऊ वर्षांच्या मुलाला "तुझ्यात दोष आहे" एवढंच ऐकू येईल, "समतोल वाहक" हे शब्द तो विसरेल.

रानजाई

मुलाचं मग थांबवते. तो सोळा-सतराचा झाला की सांगेन, बहिणीच्या फोटोसकट.

धुकं, आजच बहिणीकडे जाते आहे. पत्र पर्समध्ये ठेवलंय.

रानजाई

सात आठवड्यांनी लिहिते आहे. बऱ्याच जणांनी विचारपूस केली, त्यांचे आभार.

त्या दिवशी उंबर म्हणाल्या तसंच केलं. आधी मला कशाची भीती वाटते ते सांगितलं. बहीण काही बोलली नाही, माझ्या लेकीला उचलून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, पत्र दे. दुसऱ्या दिवशी तिने आणि तिच्या नवऱ्याने रक्त दिलं. नळी हिरव्या बुचाचीच आहे का ते तिने स्वतः बघितलं.

तिचे ४५ आहेत. माझ्यासारखंच, १४ आणि २१.

ती रडली, पण गेल्या वर्षीच्या खेपेसाठी स्वतःला दोष देणं त्या दिवशी थांबलं, हे तिचेच शब्द. दिवस राहिले तर गर्भजल तपासणार आहेत, ती १५ आठवड्यांनंतर करतात. गर्भाबाहेर बीज फलित करून गर्भ आधीच तपासायचा मार्गही त्यांना समजावून सांगितला, पण अजून काही ठरवलेलं नाही. पुढे ती काय करेल हे मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

भाऊ नको म्हणाला. पत्राची प्रत घेतली, मुलांच्या जन्मदाखल्यांच्या फाइलमध्ये माझ्यासमोर लावली आणि विषय बंद केला. मीही पुन्हा काढला नाही.

आणि आई. दोघी बहिणींत निघालं म्हटल्यावर हे आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून आलं हे जवळपास नक्कीच झालं. मी तिला काही म्हटलं नव्हतं. तिनेच विचारलं, माझ्याकडून असेल तर माझ्या बहिणींच्या मुलींनाही सांगावं लागेल ना? मी म्हटलं, हो, आणि बाबांकडून असेल तर आत्यांच्या घरी. ती म्हणाली, मग बघूनच घेऊ, उगाच दोन्हीकडच्यांना घोर नको.

तिचे ४६ आले. तिने रिपोर्ट घडी घालून ठेवला आणि म्हणाली, बरं झालं हे नाहीत, त्यांनी फार मनाला लावून घेतलं असतं.

आता आत्यांकडे सांगायचं आहे. मोठी आत्या नाही, तिची तीन मुलं आहेत. थोरल्या आतेभावाशी आमचं अकरा वर्षं बोलणं नाही, त्याच्या मुलीचं लग्न झाल्याचंही दुसऱ्यांकडून कळलं. तिला आता मुलं व्हायच्या वयाची म्हणायची. पत्राच्या पाच प्रती काढल्या आहेत. त्याला नुसतं पत्र पाठवू की आधी फोन करू?

धुकं

फोन. पत्र फोन झाल्यावर. आणि मुलीचा नंबर त्याच्याकडून मागून घ्या, तिला तुम्हीच सांगा.

काचपट्टी

पत्रासोबत तुमच्या कॅरिओटाइपचं पानही जोडा, नुसतं "जोड आहे" असं लिहू नका. त्यांच्या प्रयोगशाळेला नेमकं काय शोधायचं ते कळेल.

रानजाई

जोडते. उद्या सकाळी फोन करते, तो लवकर उठतो.